फणसाचं कोपर आणि रेमंडची फुंकर

१

सांडोरच्या रेमंडला राग येतो, असं गावात कुणी म्हणत नसे. येतो तो पाहुणा. रेमंडचा राग घरचा होता. तो रेमंडच्या आधी उठायचा, अंगणात केळीखाली जाऊन उभा राहायचा आणि आज कोण सापडतंय ते बघायचा. चहा गोड झाला, राग. फिका झाला, राग. चहा अगदी बरोबर झाला, तर रेमंड कपाकडे असा बघायचा की कपाने त्याला फसवलंय.

बाकी माणूस कामाचा. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये बापाच्या वेळचं लेथ, आणि त्या लेथवर तो भिंतीवरच्या दिव्यांची लाकडी कोपरं करायचा. कोपर म्हणजे काय, तर हात दुमडल्यावर आपलं दिसतं ना, तसा लाकडाचा वाकडा तुकडा. एक टोक भिंतीला, दुसऱ्या टोकाला बल्ब, पोटातून वायर. तिकडे वालीवला प्लास्टिकची पोत्याने मिळतात, पण घरातल्या आल्तारापाशी, म्हणजे देव्हाऱ्यापाशी, लोकांना लाकडाचंच लागतं. मग यावं लागायचं रेमंडकडे, आणि त्याची दोन वाकडी ऐकून घ्यावी लागायची.

सरळ तुकडा कुणीही पोखरेल. वाकडा तुकडा लेथवर धरला की त्याचा एक पाय मधोमध गुमान फिरतो आणि दुसरा बाहेर पंख्याच्या पात्यासारखा घुमतो. इतका जोरात, की पाय दिसतच नाही, हवेत नुसता एक मळकट डाग दिसतो. त्या डागात बोट गेलं की गेलं. एका टोकाकडून वळणापर्यंत पोखरायचं, लेथ थांबवायचं, तुकडा उलटा करून साच्यात आवळायचा आणि दुसऱ्या टोकाकडून पोखरायचं. आत वळणावर दोन्ही भोकं एकमेकांना भेटतात. भेटली का, ते डोळ्यांना दिसत नाही, वळण आड येतं. म्हणून फुंकायचं. एका टोकाला तोंड लावून फूं केलं, दुसऱ्या टोकातून भुसा उडाला, की कोपर झालं.

त्या मळकट डागात रेमंडच्या बापाने एक बोट घालवलं होतं, तेही घरात भांडून तसाच शेडमध्ये शिरला म्हणून. तेव्हापासून शेडचा नियम झाला. राग घेऊन लेथला हात लावायचा नाही. आधी पोखरून ठेवलेलं एखादं कोपर घ्यायचं आणि राग त्यात फुंकून टाकायचा. भुशाबरोबर जाऊ दे बाहेर. बाप बिचारा नुसता फुंकायचा. रेमंडने त्यात सुधारणा केली. तो भोकाला ओठ चिकटवून बोलायचा. बाहेर ऐकू यायचं फक्त हुं-हुं-हुं, जसा काही भुंगा अडकलाय. पोटभर बोलून झालं की एक जोरदार फुंकर, आणि सगळं दुसऱ्या टोकातून जमिनीवर. संध्याकाळी रोझलीन, त्याची बायको, शेड झाडायची. त्या केरातून गावातल्या किती जणांचे आईबाप उकिरड्यावर गेले, हे तिला काय ठाऊक!

त्या दिवशी सकाळी तिने पाव आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली आणि नवऱ्याचं तोंड भरेपर्यंत थांबली. भरल्या तोंडाला बातमी सांगायची, ही तिची जुनी युक्ती.

"प्रिस्काला दिवस गेलेत."

प्रिस्का म्हणजे त्यांची एकुलती एक. आदल्या वर्षी तिने फुलपाड्याच्या जितेंद्रशी रजिस्टर लग्न केलं आणि संध्याकाळी फोन करून घरी कळवलं. पोरगा हिंदू आहे, बँकेत आहे, मासळी खात नाही, हे सगळं रेमंडने एक वेळ गिळलं असतं. "पन विचारायचं तरी! मी काय भिंतीवरचा फोटो हाये, सगळं झाल्यावर दाखवायला?" तेव्हापासून तो लेकीशी बोलला नव्हता.

"ऐकलंत का? आजोबा होनार तुमी," रोझलीन म्हणाली, आणि वर हसली.

रेमंड तोंडातला घास तसाच चावत शेडमध्ये गेला. काल पोखरून ठेवलेलं फणसाचं कोपर फळीवर होतं. पिवळंधमक, अंगावर पाण्यासारख्या रेषा, बरेच दिवसांत असं लाकूड हाताला लागलं नव्हतं. त्याने भोकाला तोंड लावलं. आधी रजिस्टर ऑफिसातल्या साहेबाला घेतलं. मग जितेंद्रला, त्याच्या तेल लावलेल्या भांगासकट. मग त्याच्या आईच्या उपासतापासांना. मग प्रिस्काला. मग रोझलीनला, कारण ती हसली होती. एवढी माणसं झाली तरी राग संपेना. उरलं होतं कोण? पोटातलं पोर. एक वाक्य त्याच्यावरही टाकलं.

छोटंच वाक्य होतं. ते इथे लिहीत नाही.

मग त्याने सगळा जोर लावून फुंकलं.

भुसा उडाला नाही.

२

त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा नाही.

आता, बंद नळीत फुंकलं तर हवा माघारी येते, गाल फुगतात, कानात दडे बसतात. इथे तसं काही झालं नाही. हवा आत गेली. अगदी निवांत गेली, कुणीतरी दार उघडून धरल्यासारखी. फक्त दुसरीकडून बाहेर आली नाही.

रेमंडने वायर घातली, ती इकडून तिकडे सरळ निघाली. तांब्याने पाणी ओतलं, ते भुसा घेऊन त्याच्या पायावर सांडलं. म्हणजे भोक मोकळं. ओलं बोट दुसऱ्या टोकाशी धरून त्याने परत फुंकलं. बोटाला काही म्हणजे काही लागलं नाही.

कुणाचं काम हे, त्याला लगेच कळलं. अंगणापलीकडे त्याचा थोरला भाऊ सॅमी राहायचा. सॅमीचा धंदा वायरिंगचा आणि छंद रेमंडचा. एकदा रेमंडच्या हेल्मेटमध्ये त्याने जिवंत चिंबोरी ठेवली होती. रेमंडने भर बाजारात ते हेल्मेट डोक्यावर घातलं, आणि लोक अजून त्या दिवसाची आठवण काढतात.

"सॅमी! बाहेर ये! काय भरलंस ह्याच्यात?"

सॅमी दात घासत बाहेर आला. "सकाळी सकाळी कोपर घेऊन आलास? लोक फुलं आनतात रे."

"दात नको दाखवू. फुंक ह्याच्यात."

सॅमीने चूळ भरली, कोपर उचललं, नेम धरून फुंकलं. आत चिकटून राहिलेला ओला भुसा रेमंडच्या मिशीवर जाऊन बसला.

"उघडं हाये की. रेम्या, भोक तुझ्या फुप्फुसाला पडलंय."

रेमंडने कोपर हिसकावलं आणि फुंकलं. सॅमीने गंमत म्हणून आपला गाल दुसऱ्या टोकाशी धरला. धरून राहिला. रेमंडच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळे बाहेर यायला आले, आणि सॅमीच्या गालावरचा पेस्टचा फेससुद्धा हलला नाही. घटकाभर सॅमी हसायचा विसरला. सॅमी हसायचा विसरला, हे गावात कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

"नाटकं करतोस," तो म्हणाला. "नुसते गाल फुगवतोस."

"मी फुगवत नाय!"

"मग बायकोला विचार, काल किती घेतलीस ते."

तिथून भांडण बापाच्या लेथवर गेलं, लेथवरून विहिरीच्या पंपावर, आणि दोघांचा घसा बसल्यावर संपलं. रेमंडने शेडमध्ये येऊन ते कोपर चुलीत घालायच्या ढलप्यांच्या टोपलीत भिरकावलं आणि पाठ फिरवली.

मागून आवाज आला. मोठा नाही. कुणी बोलायला तोंड उघडावं, श्वास घ्यावा, आणि मग राहू द्यावं, तेवढाच.

लेथचा पट्टा थंड होताना असे आवाज करतो, हे रेमंडने स्वतःला सांगितलं. लेथ आज चालूच केलं नव्हतं, हे मात्र सांगितलं नाही.

३

प्रिस्काला मुलगी झाली तोवर अंगणातल्या केळीचे घड उतरून झाले होते. रेमंड बघायला गेला नाही. "बोलावलंय कोनी मला?" बोलावलं होतं. दोनदा. तर म्हणाला, "तिच्या आईनं बोलावलंय. लेकीनं नाय."

नावावरून तिकडे वेगळीच लढाई लागली होती. जितेंद्रच्या आईला अश्लेषा हवं होतं, रोझलीनला रिचेल. तोपर्यंत पोरीला सगळे नुसतं "ए" म्हणत.

पण एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. रोझलीन बाजूच्या बाईकडे गप्पा मारायला गेली की रेमंड तिचा मोबाईल उघडायचा आणि पोरीचा फोटो बघायचा. पोरगी झोपेतही कपाळाला आठी घालायची. आठी ओळखीची होती. रोज दाढी करताना आरशात दिसायची. रेमंड तो फोटो बोटांनी मोठा करून आठीवर आणायचा आणि हुं म्हणायचा, पण हे हुं वेगळं असायचं. उरलेल्या शिसमाच्या तुकड्याचा त्याने एक खुळखुळा कातला, आत गुंजा घातल्या, आणि पटाश्यांच्या मागे लपवून ठेवला. रविवारी लेक-जावई पोरीला घेऊन जेवायला येणार, असं रोझलीनने भरल्या तोंडाला सांगितलं, तेव्हा तो घास गिळून म्हणाला, "येऊ देत." रोझलीनने भिंतीवरच्या सायबिणीच्या, म्हणजे देवमातेच्या तसबिरीकडे बघून कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला.

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात फोन आला. प्रिस्काने चक्क वडलांनाच फोन द्यायला सांगितलं.

"पप्पा, तुम्ही आज सकाळी आमच्याकडे आला होतात?"

"मी? फुलपाड्याला? कशाला?"

"मग आतल्या खोलीत कोण बोललं?"

झालं असं होतं. प्रिस्का स्वयंपाकघरात, पोरगी आतल्या खोलीत झोपलेली, घरात तिसरं कुणी नाही. आतून फूं असा आवाज आला, मेणबत्ती विझवल्यासारखा. आणि मग माणसाचं बोलणं.

"तुमचा आवाज होता, पप्पा. तोंडावर काहीतरी धरून बोलल्यासारखा. रजिस्टर ऑफिसातल्या साहेबाला शिव्या देत होतात."

रेमंडच्या डोक्यात पहिलं काय आलं? भीती? छे! "तुझ्या नवऱ्याचं काम हाये हे! मोबाईलमध्ये भरून ठेवलंय त्यानं! मला बदनाम करायला!"

"जितूने तुम्हाला आयुष्यात एकदा बघितलंय, पप्पा. तेव्हा तुम्ही बोललाच नव्हता."

हे खरं होतं, म्हणून रेमंड आणखी भडकला. "खोलीत काय काय हाये सांग."

"पाळणा. कपाट. आणि तुमचा दिवा."

"कसला माझा दिवा?"

दारात उभी असलेली रोझलीन एकदम सुपातल्या तांदळात खडे शोधायला लागली.

तर ते असं होतं. ते कोपर चुलीत गेलंच नव्हतं. एवढं देखणं लाकूड जाळायचं म्हणजे काय, म्हणून तिने ते टोपलीतून काढलं, पॉलिश केलं, सॅमीकडून वायर भरून घेतली आणि बाळंतपणाला गेली तेव्हा लेकीला नेऊन दिलं. वडलांनी दिलंय म्हणून सांगितलं. प्रिस्का रडली होती म्हणे. आणि तिने तो दिवा लावला होता बरोबर पाळण्याच्या वर.

४

दुसऱ्या दिवशी दिव्याने जितेंद्रला घेतलं. तेलासकट, भांगासकट. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या उपासांना. त्या संध्याकाळी जितेंद्रने स्वतः फोन केला.

"काका, माझ्या केसांवर बोललात, इट्स ओके. पण आईला मध्ये आणायची काय गरज होती? दिव्यात छोटा ब्लूटूथ स्पीकर बसवलाय ना तुम्ही?"

"मी लाकूडवाला हाये, कंप्युटरवाला नाय! तूच केलंस! घरजावई व्हायचंय तुला, शेड पाहिजे माझी!"

"शेड? काका, मला स्क्रू पिळता येत नाही." मग तो हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू? ब्लूटूथमधून वास येतो का?"

"कसला वास?"

"आमच्या घरात मासळी येत नाही. पण ते बोलायच्या आधी जी हवा येते ना, फूं करून... तिला सुकटीचा वास येतो. लसूण घातलेल्या."

रेमंडने फोन ठेवला. आधी तो शेजाऱ्याच्या कोंबडीवर ओरडला, मग पंपावर, मग काही सुचेना तेव्हा शेडमध्ये जाऊन बसला.

माणसाला स्वतःच्या शिव्या ओळीने आठवत नाहीत, ही देवाची दया आहे. रेमंडला त्या ओळीने आठवल्या. साहेब. जितेंद्र. उपास. पुढे प्रिस्का, पुढे रोझलीन. आणि पुढे. एकट्याने, बंद शेडमध्ये, लाकडाच्या भोकात बोललेलं. हे सॅमीला कळणं शक्य नव्हतं, जावयाला तर नाहीच. तरी तो शेडभर हिंडला, पत्र्याच्या फटीत, मोटरीखाली, जुन्या डब्यांत, कुणाचा मोबाईल लपवलेला सापडतो का बघत. सापडला असता तर त्याने त्या मोबाईलचा मुका घेतला असता.

प्रिस्काचं वाक्य आलं त्या दिवशी तिने काय ऐकलं ते सांगितलं नाही. नुसती आईशी फोनवर रडली.

रोझलीनचं आलं शनिवारी सकाळी. लेकीने फोनवर सांगितलं असणार. रोझलीन शेडच्या दारात आली. हातात झाडू होता, पण झाडायला आली नव्हती.

"मी घरात नसते तर तुमी सुखात राहिला असता, असं बोललात?"

"कुटं बोललो! कोनासमोर बोललो? इथे एकट्यानं, त्या भोकात..."

"म्हनजे बोललात," ती म्हणाली आणि गेली.

रेमंडने धावत जाऊन फुलपाड्याला फोन लावला. "प्रिस्का, तो दिवा काढ! आत्ताच्या आत्ता! जाळ, खाडीत टाक, कायपन कर!"

"म्हणजे आहे ना त्यात काहीतरी?" प्रिस्काचा आवाज थंड होता. तिचा रागही बापावरच गेला होता, फक्त तो फोडणीसारखा तडतडत नसे. "मी जाळणार नाही. उद्या घेऊन येतेय. सॅमी अंकल सगळ्यांसमोर तो उघडतील. त्यात स्पीकर निघाला ना पप्पा, तर माझ्या मुलीचं तोंड तुम्हाला कधी दिसणार नाही."

"आनि नाय निघाला तर?"

"तर मी तुमची माफी मागेन. आणि तिला तुमच्या मांडीवर देईन."

५

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे घरी जमले. रोझलीनने कोंबडी केली होती, जावयासाठी वेगळं वालाचं बिरडं. वाढलं कुणालाच नव्हतं. टेबलावर ताटांच्या मधोमध वर्तमानपत्रात गुंडाळलेला दिवा, एका बाजूला भांग पाडलेला जितेंद्र, दुसऱ्या बाजूला मांडीवर पोरगी घेऊन प्रिस्का. पोरीने आजोबाकडे बघून आठी घातली. आजोबाने पोरीकडे बघून आठी घातली. बाकीच्यांना हसू आलं, पण कुणी हसलं नाही.

रेमंडच्या सदऱ्याच्या खिशात खुळखुळा होता. तो न वाजवता बसायचं, म्हणून तो काठी गिळल्यासारखा ताठ बसला होता.

"चला, पोस्टमार्टेम," सॅमी पेचकस घेऊन म्हणाला. त्याने होल्डर सोडवला, वायर ओढून काढली, भिंतीची पट्टी काढली. उरलं नुसतं फणसाचं वाकडं कोपर. सॅमीने ते ठोकलं, हलवलं, कानाशी धरलं, वायर आरपार घालून दाखवली, फुंकून दाखवलं. जितेंद्रचा भांग विस्कटला.

"रिकामं," सॅमी म्हणाला. "आमच्या रेम्याच्या डोक्यासारखं."

जितेंद्र कोपराकडे बघत राहिला. मग रेमंडकडे वळून म्हणाला, "सॉरी, काका. मी उगाच... कदाचित खालच्या मजल्यावर कुणीतरी..." पोरगा वाईट नव्हता. रेमंडला ते त्या क्षणी कळलं आणि त्याचाही थोडा राग आला.

प्रिस्काचे खांदे उतरले. "पप्पा," ती म्हणाली. पुढचं बोलायला तिला जरा जड जात होतं. टेबलावर कोपर आडवं पडलं होतं, एक टोक रोझलीनच्या बाजूला, दुसरं पोरीच्या.

तेव्हा रेमंडला तो आवाज ऐकू आला. कुणी बोलायला तोंड उघडतं, श्वास घेतं, तेवढा. बाकी कुणाला ऐकू आला नाही. कोंबडीच्या रश्शावर घोंघावणारी माशीसुद्धा त्याहून मोठी वाजत होती.

त्याने कोपर झडप घालून उचललं आणि पोरीच्या बाजूचं टोक डोळ्याला लावलं.

वाकड्या भोकात दिसतं काय? काळोख. वळण असतं आत. जन्मभर त्याने हजारदा बघितलं होतं, काळोखाशिवाय काही दिसलं नव्हतं. आज उजेड दिसला. दूर, लहानसा, गोल. त्या गोलात पत्र्याची फट होती, फटीतून येणारं सकाळचं ऊन होतं आणि उन्हात तरंगणारा भुसा. त्याची स्वतःची शेड. मग गोल झाकोळला आणि त्यात एक तोंड आलं.

नुसतं तोंड. मिशी, मिशीत पावाचा कण. ओठाच्या कोपऱ्यात चटणीचा लाल ओघळ. ओठ मागे ताणलेले, दातांवर थुंकी. रेमंडला आधी किळस आली, मग रागच आला, काय घाणेरडं थोबाड आहे हे, कुणी शिकवलं नाही का ह्याला! आणि मग त्याने मिशी ओळखली.

तोंड बोलत नव्हतं. एवढं सगळं बोलून झाल्यावर माणूस शेवटचं बोलायला थांबतो, तसं थांबलं होतं. बाकी माणसं संपली होती. ते श्वास घेत होतं.

रेमंडने दोन्ही टोकांवर दोन तळहात दाबले.

"हे काय आता?" सॅमी म्हणाला. "रेम्या, जेवनाआधीची प्रार्थना एवढी मोठी नसते."

कोपर दोन तळहातांमध्ये धरून रेमंड उभा होता, छातीपाशी, अगदी आल्तारासमोर उभं राहावं तसा. जितेंद्रनेही गोंधळून हात जोडले. प्रिस्का हसली. लग्नानंतर पहिल्यांदा वडलांकडे बघून हसली, उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आली आणि तिने पोरगी पुढे केली.

"चुकले मी, पप्पा. घ्या हिला."

उजव्या तळहातावर काहीतरी ओलं लागलं. ऊबदार. मिशीचे केस टोचले. डावा तळहात आत ओढला गेला, कातडी भोकात गेली, कुणीतरी तिथून हवा खेचत होतं. आणि उजव्या तळहाताखाली ओठ हलायला लागले.

"पप्पा? घ्या ना."

पोरीने एक हात बाहेर काढून त्याच्या मनगटावर ठेवला. एवढासा हात. रेमंडने कोपर आणखी घट्ट दाबलं.

"नको," तो म्हणाला.

"काय?"

"नको म्हनतो ना! लांब ने तिला! लांब!"

रोझलीनच्या हातातला डाव भांड्यात पडला. प्रिस्काचं हसू कुठे गेलं ते कळलंसुद्धा नाही. रेमंडच्या अंगाला कापरं भरलं होतं, आणि त्याने खिशातला खुळखुळा वाजत होता, टिकटिक टिकटिक, पण कशाचा आवाज आहे हे बघायला आता कुणी थांबणार नव्हतं.

"दिव्याला मिठी मारून उभे राहा," प्रिस्का म्हणाली. "तोच तुमचा. चल, जितू."

"प्रिस्का, ऐक..." म्हणायला रेमंडने तोंड उघडलं. तळहाताखालचं तोंडही तेव्हाच मोठं उघडलं. त्याने आपलं पटकन मिटलं.

तो मागच्या दाराने निघाला. हात न सोडता, स्वतःच्या कोपराने दार ढकलून, केळींमधून, शेडमध्ये. पायाने दार लोटलं आणि लेथशेजारी स्टुलावर बसला. तळहाताखाली ओठ ते वाक्य बोलत होते. आवाज बाहेर येत नव्हता, पण ओठ कुठल्या अक्षराला मिटतात आणि कुठल्या अक्षराला उघडतात हे हाताला कळतं. त्याला प्रत्येक अक्षर कळलं. वाक्य छोटंच होतं. संपलं. फूं झालं. तळहात गरम झाला, बोटांच्या फटींतून सुकटीचा वास आला.

बाहेर रिक्षा सुरू झाली. सॅमी कुणाला तरी हाका मारत फाटकापर्यंत धावला. रिक्षा गेली. रोझलीन शेडकडे आली नाही.

संपलं, रेमंडला वाटलं. साठलेलं सगळं आलं. तो हात सोडणार, एवढ्यात पोटातून राग वर आला, नेहमीचा, घरचा. दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं हिला! बापाचं तोंड बघून कळत नाही? आणि हा सॅमी, आणि ती रोझलीन, आतमध्ये बसून राहिलेली! शेडच्या नियमाप्रमाणे त्याचं डोकं आपोआप खाली झुकलं, ओठ कोपराकडे गेले, आणि तिथेच त्याने ते दातांखाली धरले. नाही. एक अक्षर नाही. आता जन्मभर एक अक्षर नाही.

रेमंडने तोंड घट्ट मिटलं.

हातातलं मिटलं नाही. ते ह्या नव्या रागालाही प्रिस्कापासून सुरुवात करत होतं.